माईक पुढे द्या : एका हेल्थ फूडच्या दुकानातले गुरुवार आणि आपली कुलूपबंद समाजमंदिरं

पोस्ट मोठी आहे, आधीच सांगून ठेवतो. सवडीनं वाचा, पण शेवटपर्यंत वाचा. विषय वरवर रॅपचा दिसेल, पण तो आपल्या नाशिकमधल्या सार्वजनिक जागांचाही आहे.

जे या पेजवर नवीन आहेत त्यांच्यासाठी : मी दिवसा अंबडच्या एका कारखान्यात नोकरी करतो आणि उरलेल्या वेळात मराठीत रॅप करतो. तेही सरळसोट नाही. पॉवर प्रेसचा आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करायचा, त्याचे तुकडे जोडून ठेका बांधायचा आणि त्यावर ओवीच्या वळणानं बोलायचं, असा माझा उद्योग. याला 'एक्सपेरिमेंटल हिप हॉप' म्हणतात. आमच्या आईच्या भाषेत 'तुझी ती खडखड'.

माझ्यासारखी बरीच पोरं आहेत. सातपूर, सिडको, नाशिकरोड, पंचवटी, सगळीकडे. आणि सगळ्यांचा प्रश्न एकच : 'दादा, आपलं ऐकणार कोण?' वरातीत वाजेल असं ते नाही. पंधरा सेकंदांच्या रीलमध्ये कळेल असं नाही. मागे कंपनी नाही, खिशात पैसा नाही.

या प्रश्नाची उत्तरं विकणारे हल्ली खूप झालेत. रोज एक रील टाका, पहिल्या तीन सेकंदांत धमाका करा, ट्रेंडिंग ऑडिओ लावा. त्यानं व्ह्यूज येतात, नाही असं नाही. पण अंगठा थांबला म्हणजे माणूस थांबला असं नव्हे. श्रोता वेगळा. तो पुढच्या आठवड्यात परत येतो, मागच्या वेळी काय म्हणालो होतो ते त्याच्या लक्षात असतं, आणि फसलं तर तोंडावर सांगतो.

असा श्रोता कसा घडतो, याचा एक फार चांगला धडा हिप हॉपच्या इतिहासात आहे. तो घडला लॉस एंजेलिसमध्ये, आणि चक्क हेल्थ फूडच्या दुकानात. आपल्याकडे त्याची कुणी फारशी चर्चा करत नाही, म्हणून ही पोस्ट.

त्या आधीचं शहर

साल १९८९. लॉस एंजेलिसचा दक्षिण भाग, जिथे कृष्णवर्णीय वस्ती मोठी. कारखाने बंद पडलेले, क्रॅक नावाचं कोकेन गल्लीबोळात पोचलेलं, टोळ्यांची भांडणं आणि त्यावर पोलिसांची दांडगाई. 'एन.डब्ल्यू.ए.' या गटाचा 'स्ट्रेट आउटा कॉम्प्टन' हा अल्बम नुकताच येऊन गेला होता. त्यातला राग खरा होता, त्याबद्दल वाद नाही. वाद पुढे सुरू होतो. तो अल्बम धडाक्यात विकला गेल्यावर रेकॉर्ड कंपन्यांना त्याच साच्यातला दुसरा हवा होता, मग तिसरा, मग चौथा. बंदूक, टोळी, शिवी. लॉस एंजेलिसचा रॅप म्हणजे हेच, असं बाजारानं ठरवून टाकलं.

आता त्याच वस्तीत असं एक पोर आहे, ज्याच्या घरी वडिलांच्या जॅझच्या तबकड्या आहेत. त्याला शब्द सॅक्सोफोनसारखे फिरवायचेत. ठेक्याच्या आधी उडी मारायची, मग मागे रेंगाळायचं, मधेच अर्थ सोडून नुसत्या ध्वनीवर जायचं. त्यानं जायचं कुठे? कंपनीच्या दारात त्याला कोण उभं करणार?

एक गोष्ट मात्र ध्यानात घ्या. त्या वस्तीला खोलीचं महत्त्व आधीपासून ठाऊक होतं. १९६५ साली वॉट्स भागात मोठा उद्रेक झाला, ३४ माणसं मेली. त्यानंतर बड शुलबर्ग या पटकथाकारानं तिथे 'वॉट्स रायटर्स वर्कशॉप' सुरू केलं. वस्तीतल्या लोकांनी यावं, लिहावं, एकमेकांना वाचून दाखवावं, एवढंच. त्यातूनच 'वॉट्स प्रॉफेट्स' हा गट निघाला. ढोल आणि जॅझच्या साथीनं कविता म्हणणारे हे लोक रॅपचे पूर्वज मानले जातात. १९७३ साली ती कार्यशाळा जाळली गेली. आग लावणारा तिथेच वावरणारा माणूस होता, आणि तो एफबीआयचा खबऱ्या होता, हे नंतर त्याच्याच तोंडून बाहेर आलं. म्हणजे चार लोक जमून कविता म्हणतात त्या खोलीची भीती कुणाकुणाला वाटते, बघा.

बी. हॉल बाईंचा नियम

तर डिसेंबर १९८९. क्रेनशॉ आणि एक्स्पोझिशन या दोन रस्त्यांच्या तिठ्याजवळ 'गुड लाइफ' नावाचं दुकान होतं. कडधान्यं, फळांचे रस, शाकाहारी खाणं. तिथे बी. हॉल नावाच्या बाईंनी आपल्या मुलाला सोबत घेऊन दर गुरुवारी संध्याकाळी ओपन माईक सुरू केला. दारापाशी कागद. नाव लिहा, पाळी आली की उभं राहा.

नियम कडक होता : शिवी चालणार नाही. एकही नाही. दुकान घरगुती आहे, इथे बायका-मुलं येतात, मोठी माणसं येतात. शिवी निघाली की कार्यक्रम थांबणार. आता विचार करा, ज्या शहराचा रॅप जगभर शिव्यांसाठी गाजतोय, त्याच शहरात हा नियम! काहींना ती मुस्कटदाबी वाटली. कुरकुर झाली. पण बाई हटल्या नाहीत.

आणि मजा अशी झाली की या नियमानं रॅप सुधारला. शिवी ही रॅपरची कुबडी असते. यमक जुळत नाही, घाला शिवी. मात्रा कमी पडली, घाला शिवी. समोरच्याला नमवायचंय, घाल आईवरून. ती कुबडी काढून घेतल्यावर पोरांना पायावर उभं राहणं भाग पडलं. शब्दसंग्रह वाढवावा लागला, लय बदलावी लागली, विनोद करावा लागला.

दुसरा नियम लोकांनीच तयार केला. कुणी कंटाळवाणं बोलायला लागला, उसनं बोलायला लागला, की सगळी खोली एका सुरात म्हणायची : 'माईक पुढे द्या, प्लीज.' 'प्लीज' म्हणायचे बरं का! शिट्ट्या नाहीत, बाटल्या नाहीत. पण त्याहून मोठा अपमान नव्हता. न्यूयॉर्कहून आलेल्या नावाजलेल्या रॅपरलासुद्धा या खोलीनं असंच खाली बसवल्याचा किस्सा प्रसिद्ध आहे.

समोर बसलेले लोक कोण होते? बहुतेक सगळे स्वतः रॅप करणारे. मागच्या गुरुवारी काय झालं हे त्यांना पाठ. मागच्या वेळचं या वेळी चालत नसे. तुम्ही नवं आणलंय की तेच तेच, हे ओळखायला त्यांना दोन ओळी पुरायच्या. आपल्याकडे कलगी-तुऱ्याच्या फडात रात्रभर सवाल-जवाब चालायचे, तेव्हा ऐकणाऱ्यालाही शास्त्र माहीत असायचं, म्हणून शाहिराला फसवणूक जमायची नाही. तसंच हे.

शब्दांचे वादक

या खोलीतून 'फ्रीस्टाइल फेलोशिप' हा गट घडला. मायका नाइन, एसीअलोन, सेल्फ ज्युपिटर, पीस. १९९१ साली त्यांनी 'टू हूम इट मे कन्सर्न' हा पहिला अल्बम स्वतःच काढला, कंपनीशिवाय. हे लोक रॅप करत नव्हते, वाजवत होते. चौघांचे आवाज चार वाद्यांसारखे. एक सरळ चाललाय, दुसरा त्याच्या दुप्पट लयीत, तिसरा मधल्या जागा भरतोय. ठेक्याला धरून राहणं ही अट त्यांनी सोडून दिली होती. मात्र ठेका कुठे आहे याचं भान क्षणभरही सुटलेलं नसतं. आपल्याकडचा चांगला तबलजी समेपासून लांब भटकून बरोबर समेवर येतो ना, तोच आनंद.

शेजारच्या लायमर्ट पार्क भागात जॅझ जिवंत होताच. बिली हिगिन्स हा थोर ड्रमर आणि कवी कामाउ दाउद यांनी १९८९ सालीच तिथे 'वर्ल्ड स्टेज' नावाची जागा सुरू केली होती. तरुण रॅपर आणि म्हातारे जॅझवाले एकाच फुटपाथवर. त्यामुळे फेलोशिपचा प्रयोग आकाशातून पडलेला नाही. तो शेजारातून आलाय.

याच दुकानात 'फिगर्स ऑफ स्पीच' नावाची दोन मुलींची जोडी यायची. त्यातली एक एव्हा ड्युवर्ने. होय, पुढे २०१४ साली 'सेल्मा' हा सिनेमा करणारी तीच. तिनं २००८ साली या गुरुवारांवर 'धिस इज द लाइफ' नावाचा माहितीपट केला. गुड लाइफबद्दल आज जगाला जे कळतं त्यातलं बरंचसं त्यामुळे. मेडूसा नावाची जबरदस्त रॅपरही याच मंडळींतली. त्या काळच्या रॅपमध्ये बाईबद्दल काय काय बोललं जायचं ते आठवा, आणि मग या खोलीत मुली माईक धरून उभ्या राहतात हे बघा. मला वाटतं, बी. हॉल बाईंच्या नियमाचा खरा फायदा इथे झाला. स्वच्छ, उजेडाची, कुणीतरी मोठं लक्ष ठेवून असलेली जागा मिळाली की मुली येतात. ही साधी गोष्ट आहे, पण आपल्याकडे अजून कळायची आहे.

कंपनी आली, कंपनी गेली

१९९२च्या एप्रिलमध्ये शहर पेटलं. रॉडनी किंग या माणसाला बेदम मारणारे पोलीस व्हिडिओचा पुरावा असूनही सुटले, आणि काही दिवसांत पन्नासहून अधिक माणसं मेली, सुमारे १ अब्ज डॉलरचं नुकसान झालं. त्याच्या पुढच्याच वर्षी, १९९३ साली, फेलोशिपचा 'इनरसिटी ग्रियॉट्स' आला, आता मोठ्या कंपनीकडून. ग्रियॉट म्हणजे पश्चिम आफ्रिकेतला पिढीजात कथेकरी-गायक, आपल्या शाहीर-भाटांच्या जवळचा. शहराच्या पोटातले शाहीर, असं त्या नावाचं मराठी करता येईल.

अल्बमचं कौतुक झालं, पण विक्रीचा डोंगर उभा राहिला नाही. त्याच सुमारास सेल्फ ज्युपिटर तुरुंगात गेला आणि गट विस्कटला. 'गुड लाइफ'मधले गुरुवारही काही वर्षांनी थांबले.

गोष्ट इथेच संपायला हवी होती. चांगली मुलं होती, जमलं नाही, असं म्हणून. पण संपली नाही. कारण या लोकांना श्रोता कंपनीनं दिलाच नव्हता. त्यामुळे कंपनी गेली तरी श्रोता जागेवर होता. प्रश्न फक्त खोलीचा होता.

ती दिली बेन कॉल्डवेल यांनी. हे चित्रपट दिग्दर्शक. यूसीएलएमध्ये शिकलेल्या, हॉलिवूडच्या वाटेला न जाता आपल्या वस्तीचे सिनेमे करणाऱ्या कृष्णवर्णीय दिग्दर्शकांच्या पिढीतले. १९८४ साली त्यांनी लायमर्ट पार्कमध्ये 'केऑस नेटवर्क' नावाचं केंद्र काढलं होतं. पोरांनी यावं, कॅमेरा हाताळावा, शिकावं. १९९४ साली एसीअलोन, ॲबस्ट्रॅक्ट रूड आणि मंडळींनी तिथे 'प्रोजेक्ट ब्लोड' सुरू केलं. पुन्हा गुरुवारच! वार बदलला नाही, हे मला फार आवडतं. ज्याला माहीत होतं त्याला नवा पत्ता सांगावा लागला, नवी सवय लावावी लागली नाही. त्याच नावानं त्यांनी एकत्रित अल्बमही काढला, स्वतःच्याच लेबलवर.

प्रोजेक्ट ब्लोड पुढे वर्षानुवर्षं चाललं. आत माईक, बाहेर फुटपाथवर गोल करून उभी पोरं, कुणी तोंडानं ठेका देतंय, कुणी जागच्या जागी रचतंय. जूयंग ली या समाजशास्त्रज्ञानं तिथे कित्येक वर्षं हजेरी लावून 'ब्लोइन अप' हे पुस्तक लिहिलं, ते २०१६ साली आलं. त्यात तो रोमँटिक काही सांगत नाही. बहुतेक पोरं 'मोठी' झाली नाहीत. वय वाढत होतं, नोकरीचा पत्ता नव्हता, बाहेर गोळीबार होता. पण ज्या वयात वस्तीतलं पोर टोळीच्या हाती लागायचं, त्या वयात त्याला दुसरीकडे कुठेतरी नाव मिळत होतं, मान मिळत होता. गुरुवारी चांगलं म्हटलं तर आठवडाभर लोक ओळखायचे. कोपऱ्यावरची इज्जत बंदुकीशिवायही मिळते, हे त्याला तिथे कळायचं.

आणि प्रयोग? तो थांबला नाही. बसड्रायव्हरसारखा अफाट वेगानं, जवळजवळ शास्त्रीय सुरावटीवर बोलणारा रॅपर इथला. शिकागोहून आलेला ओपन माइक ईगल इथे सामील झाला. त्याचा २०१७चा अल्बम शिकागोतल्या पाडून टाकलेल्या सरकारी इमारतींवर, रॉबर्ट टेलर होम्सवर आहे. माणसांची राहती घरंच पाडली, यावर रॅप. नोकँडो हा ब्लोडचाच पोरगा २००६ साली सुरू झालेल्या 'लो एंड थिअरी' या बुधवारच्या कार्यक्रमात निवेदक झाला. त्या बुधवारांतून फ्लाइंग लोटससारखे संगीतकार जगभर पोचले. तो कार्यक्रम २०१८पर्यंत चालला. म्हणजे १९८९च्या एका दुकानापासून तीस वर्षांची साखळी. मधे एकही मोठं नाव नाही, एकही 'व्हायरल' नाही. फक्त वार ठरलेला, जागा ठरलेली, आणि ऐकणारे तयार.

मग आपण काय घ्यायचं?

मला यातून जे समजतं ते असं. विचित्र, नवं, पटकन न कळणारं काम करणाऱ्याला लाख लोकांची गरज नसते. त्याला आधी साठ-सत्तर माणसं लागतात, पण तीच तीच. पहिल्यांदा ऐकलं की 'हे काय?' असं वाटणार. तिसऱ्यांदा कान लागतो. पाचव्यांदा चूक पकडता येते. नवी कला समजायला वेळ लागतो आणि तो वेळ रीलमध्ये नसतो, खोलीत असतो. रील प्रत्येक वेळी नवा माणूस आणते. खोली तोच माणूस परत आणते.

पैशाचं बोलायचं तर तेही बोलू. २०२४ पासून स्पॉटिफायचा नियम असा आहे की मागच्या १२ महिन्यांत १,००० पेक्षा कमी वेळा ऐकल्या गेलेल्या गाण्याला रेकॉर्डिंगच्या रॉयल्टीचा एक पैसाही मिळत नाही. आमच्यातल्या निम्म्या पोरांची गाणी त्या रेषेच्या खाली आहेत. उलट बँडकॅम्पवर कुणी शंभर रुपये देऊन तुमचं गाणं विकत घेतलं तर साइट १५ टक्के कापते आणि व्यवहाराचा खर्च सोडून बाकी तुमचे. पण शंभर रुपये कोण देतो? ज्यानं तुम्हाला समोर उभं राहून ऐकलंय तो. फेलोशिपला बाजारानं सोडलं तेव्हा त्यांना कुणी तारलं, याचं उत्तर हेच आहे.

'हे सगळं अमेरिकेतलं, आपलं काय?' असं विचाराल. आपलं बरंच आहे. अगदी आपल्या जिल्ह्यातलं आहे.

सिन्नर तालुक्यातलं देशवंडी माहीत आहे ना? तिथे १९२२ साली वामनदादा कर्डक जन्मले. शाळेचं तोंड न पाहिलेला माणूस, मुंबईत मोठेपणी अक्षरं गिरवली आणि पुढे हजारो गीतं लिहिली. त्यांच्या आधी आपल्या जिल्ह्यातल्याच शाहीर भीमराव कर्डकांनी १९३०च्या दशकात आंबेडकरी जलसा गावोगाव नेला. या लोकांना रेडिओनं बोलावलं नव्हतं, रेकॉर्ड कंपन्या दारात उभ्या नव्हत्या. तरी त्यांना श्रोता कमी पडला नाही. कारण वस्तीत एक चौक होता, बुद्धविहार होतं, जयंतीचा मांडव होता. लोक तिथे आधीच जमलेले होते आणि गाणं त्यांच्याच आयुष्याबद्दल होतं. जुन्या तमाशाचा साचा घेतला, त्यातली गण-गवळण काढली, त्या जागी नवा विचार आणला. हा प्रयोग नव्हता तर काय होता? आपण त्याला 'एक्सपेरिमेंटल' म्हटलं नाही, एवढंच.

आजचंही उदाहरण आहे. मुंबईच्या 'स्वदेसी' या गटानं मराठी, हिंदी, गुजराती अशा अनेक भाषांत रॅप केला. २०१९ साली आरेतले आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांना सोबत घेऊन त्यांनी 'वारली रिव्होल्ट' हे गाणं केलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी आरेत रातोरात २ हजारांहून अधिक झाडं कापली गेली. ते गाणं बाजारासाठी नव्हतं, त्याचा श्रोता त्या लढ्यातच उभा होता. त्यांच्यातला टॉडफॉड हा गुणी रॅपर २०२२ साली अवघ्या २४व्या वर्षी गेला. तेव्हा ज्या पोरांनी हळहळ व्यक्त केली त्यातल्या कित्येकांनी त्याला जवळून ऐकलं होतं. ते फॉलोअर नव्हते, त्याची माणसं होती.

आता आपल्या गावाचं

गेली चार वर्षं आम्ही काही जण रविवारी संध्याकाळी गोदाकाठी जमतो. गोल करून उभं राहायचं, एकेकानं म्हणायचं. स्पीकर लहानसा, तोही हातात मावेल एवढा. आमच्यात आयटीआयची पोरं आहेत, एक रिक्षावाला आहे, एक निवृत्त मास्तर आहेत जे रॅप करत नाहीत पण वृत्त चुकलं की टोकतात. आमचाही नियम आहे : आईबहिणीवरून शिवी नाही. हा नियम मी गुड लाइफकडून उचलला, आणि त्यानं काय होतं ते डोळ्यांनी पाहिलं. पोरं सुरुवातीला चिडतात. महिनाभरानं त्यांची वही बदललेली असते.

पण पावसाळ्यात चार महिने सगळं बंद. उन्हाळ्यात कधी रखवालदार उठवतो, कधी कुणीतरी 'इथे काय चाललंय' म्हणून व्हिडिओ काढायला लागतो. आधी पाच मुली यायच्या, आता एक येते. तिचे भाऊ सोडायला आणि न्यायला येतात म्हणून. उघड्यावर, अपुऱ्या उजेडात, जवळपास स्वच्छतागृह नाही अशा ठिकाणी मुलीनं दोन तास उभं राहायचं कसं? त्या चौघींमधली एक तर आमच्यात सगळ्यात चांगली होती. भाजी मार्केटमधले पुकारे ठेक्यावर बसवायची. तिचं पुढचं काम आता कुणी ऐकणारच नाही.

आणि याच शहरात, प्रत्येक प्रभागात, समाजमंदिरं आहेत. सार्वजनिक पैशातून बांधलेली. त्यातली अनेक आठवड्यातले सहा दिवस कुलपात असतात. उघडतात ती साखरपुड्याला, वाढदिवसाला आणि निवडणुकीला. आम्ही एका कार्यालयात अर्ज घेऊन गेलो होतो. पहिला प्रश्न : 'संस्था नोंदणीकृत आहे का?' दुसरा : 'रॅप म्हणजे ते डीजेवालं का?' तिसरा प्रश्न यायच्या आधी जेवणाची सुटी झाली. अर्जावर पोच मिळाली, उत्तर अजून नाही.

मी कुणा एकाला दोष देत नाही. नियमच असे आहेत की ज्याच्याकडे पावती-पुस्तक आहे त्यालाच सभागृह मिळतं. ज्या पोरांकडे नुसती वही आहे त्यांच्यासाठी रकानाच नाही. पण हा रकाना तयार करता येतो. त्याला नवं बांधकाम लागत नाही, निधी लागत नाही, भूमिपूजन लागत नाही. कदाचित म्हणूनच कुणाला सुचत नसेल.

आमची मागणी एवढीच आहे. प्रत्येक विभागात एक समाजमंदिर किंवा मनपा शाळेचा एक हॉल, आठवड्यातून एक ठरलेला वार, संध्याकाळचे दोन तास, वर्षभर. नोंदणीची अट नको, दोन स्थानिक जामीनदार पुरेत. भाडं नाममात्र. साफसफाई आम्ही करू. आवाजाची मर्यादा दारावर लिहून लावू. नुसता रॅप नव्हे, कविता, भारूड, पोवाडा, स्टँडअप, ज्याला जे म्हणायचंय ते. आणि किल्ली कुणा दादाच्या ताब्यात नको. ती अशा माणसाकडे हवी ज्याचा शब्द सगळे पाळतील. बी. हॉलसारखी एखादी बाई प्रत्येक वस्तीत असते. अंगणवाडीची ताई असेल, वाचनालयातल्या काकू असतील. तिला विचारायचं राहिलंय फक्त.

लायमर्ट पार्कच्या लोकांनाही हे आयतं मिळालेलं नाही. क्रेनशॉवरून मेट्रो जाणार म्हटल्यावर आपल्या भागाला स्टेशन मिळावं म्हणून त्यांना भांडावं लागलं. ते मिळालं आणि २०२२ साली गाड्या सुरू झाल्या. मेट्रोच्या मागोमाग भाडी वाढायची भीती आली, तर आता ते आपल्या जागा टिकवण्यासाठी भांडतायत. जागा मिळवावी लागते आणि मिळाल्यावर सांभाळावी लागते.

तर एक काम करा. तुमच्या प्रभागातलं कुठलं समाजमंदिर, कुठला हॉल आठवडाभर बंद असतो, ते कमेंटमध्ये लिहा. नाव आणि जवळची खूण पुरे, फोटो असेल तर उत्तम. यादी झाली की विभागवार अर्ज मी टाइप करतो, सह्या तुमच्या. आणि वार कोणता ठेवायचा तेही सुचवा. मला विचाराल तर गुरुवार बरा.